घरची बंदूक

"चिंदी आन् तेल बी देऊ का?" निकम उस्तादांनी जाळीच्या आतून विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"बरं. काडतुसं चारच?"

"चारच."

त्यांनी माझा सुट्टीचा कागद घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. दहा दिवसांची सुट्टी. खाली कंपनी कमांडर मेजर साहेबांची सही. सहीच्या वर लिहिलं होतं की लान्स नायक गुणाजी येसणे याला त्याची खाजगी बारा बोरची बंदूक घरी नेण्याची परवानगी देण्यात येत आहे. कारण, शेतात रानडुकरांचा उपद्रव.

"रानात काय हाय सध्या तुमच्याकडं?" उस्तादांनी सहज विचारलं.

"काय न्हाई," मी बोलून गेलो आणि लगेच सावरलं, "म्हंजे, हाय थोडं."

ते माझ्याकडे बघत क्षणभर थांबले. मग किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून सोडला आणि आत गेले.

ही सत्त्याऐंशी सालच्या शिमग्याआधीची गोष्ट. आमची पलटण तेव्हा राजस्थानात, सरहद्दीपासून थोड्या अंतरावरच्या छावणीत होती. सकाळी बूट झाडले तर त्यातून ओंजळभर वाळू निघायची. मी सव्वीस वर्षांचा होतो, अंगात रग होती आणि डोक्यात अक्कल जेमतेम होती. आता पेन्शन घेऊन गावी बसलोय, लपवण्यात काही अर्थ नाही. मी डुकरं मारायला निघालो नव्हतो. मी माझ्या मेव्हण्याला मारायला निघालो होतो.

चार दिवसांपूर्वी आईचं पत्र आलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं, शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात होतं. 'हौसाचा हात दिनकरने मुसळाने मोडला. ती रात्रीची चालत माहेरी आली. तो न्यायला येणार म्हणतो. तू काळजी करू नकोस.' बाप गेला तेव्हा हौसा, माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची होती. तिला खांद्यावर बसवून जत्रा मी दाखवली, तिचं लग्न मी ठरवलं, दिनकर मला पसंत पडला होता. काळजी करू नकोस म्हणे. मी काळजी केलीच नाही. मी सरळ सुट्टीचा अर्ज लिहिला.

बंदूक माझ्या बापाची. आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून. भात आणि नाचणी पिकायला लागली की डुकरं उतरतात, म्हणून बापाला शेती राखायचा परवाना होता. त्याच्यामागे तो माझ्या नावावर झाला. घरी आई एकटी, म्हणून बंदूक मी पलटणीत आणली. आणि इथे नियम एकच होता, शिपायाला असो की कर्नल साहेबांना. घरची बंदूक छावणीच्या गेटाच्या आत आली की ती घरची राहत नाही. ती बराकीत ठेवायची नाही, क्वार्टरमध्ये ठेवायची नाही, ती कोतात जायची. कोत म्हणजे पलटणीचं हत्यारघर. सरकारी हत्यारांच्या शेजारी तिलाही साखळी आणि कुलूप. सुट्टीवर जाताना साहेबांच्या सहीने बाहेर काढायची आणि परत आल्यावर ट्रंक उघडायच्या आधी जमा करायची. मी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ती न्यायचो आणि आणायचो. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

कोताचा कारभार हवालदार जोतिराम निकमांकडे होता. गडी खटावकडचा, काटक, कमी बोलणारा. पलटणीत त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांच्याबद्दल पोरं चेष्टेनं सांगायची की निकम उस्ताद सकाळी नळीतून पांढरा रुमाल ओढतात आणि दुपारी त्याच रुमालाने तोंड पुसतात. चेष्टा खरी, पण त्यात खोटं फार नव्हतं. नायब सुभेदाराची एक जागा जूनमध्ये भरायची होती आणि तिच्यावर त्यांचं नाव आहे, हे लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक होतं.

ते बंदूक घेऊन बाहेर आले. बिजागरीतून मोडून उघडली, नळी उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग बंदूक जाळीच्या आतच ठेवून दिली.

"न्हाय देता यायची," ते म्हणाले. "नळीत गंज धरलाय."

मला आधी नीट कळलंच नाही.

"गंज?"

"व्हय. अशी बंदूक उडवली तर नळी फुटंल. वर्कशॉपला पाठवाय लागंल. पंधरा दिस तरी लागतील."

"उस्ताद, माझी गाडी दुपारी हाय."

"गाडीला जा की. बंदूक न्हाय जायची."

"दावा मला गंज."

"तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून त्यांनी वही पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. मी जाळीतून उलटं वाचलं. 'खाजगी बारा बोर. नळीत गंज आढळला. देण्यास अयोग्य. दुरुस्तीस पाठवीत आहे.' खाली तारीख आणि त्यांची ठसठशीत सही.

माझं डोकं फिरलं. माणूस मनात एक गोष्ट ठरवतो आणि कुणीतरी मधेच खोडा घालतो, तेव्हा मूळ राग त्याच्याकडेच वळतो. मी उस्तादांना नाही नाही ते बोललो. झोपा काढता म्हणालो. माझ्या बापाची निशाणी सडवली म्हणालो. वयाचा मान ठेवला नाही, फितीचा ठेवला नाही. आजूबाजूची पोरं थांबून बघायला लागली. ते मान खाली घालून वहीवर शाई वाळू देत होते.

"तक्रार करतो मी," मी म्हणालो. "लेखी."

"कर," ते म्हणाले.

मी खरंच गेलो. मेजर साहेब पंजाबचे, पण दहा वर्षं आमच्यात राहून मराठी बोलायचे, शिव्या तर फारच चांगल्या द्यायचे. त्यांनी माझा कागद वाचला, निकम उस्तादांना वही आणि बंदुकीसकट बोलावलं.

"राजस्थानात गंज?" साहेबांनी विचारलं. "इथे माझ्या ओठांना पाणी मिळत नाही, नळीला कुठून मिळालं?"

"माझी चूक झाली, साहेब," उस्ताद सावधानमध्ये उभे राहून म्हणाले. "लक्ष राहिलं न्हाय."

साहेबांनी स्वतः बंदूक घेतली, खिडकीकडे गेले आणि नळीतून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते माझ्याकडे वळले, माझा चेहरा बघितला, मग उस्तादांचा. बंदूक टेबलावर ठेवून त्यांनी वहीतल्या नोंदीखाली सही केली.

"येसणे, तुझी तक्रार घेतली. बंदूक वर्कशॉपला जाईल. तू गाडी पकड." आणि उस्तादांना म्हणाले, "निकम, कोताच्या किल्ल्या संध्याकाळी दुसऱ्याकडे दे."

"जी साहेब."

मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय. मला वाटलं, जिरवली.

दोन दिवस रेल्वेत बसलो. लोक म्हणतात प्रवासात राग उतरतो. माझा उतरला नाही. मी फक्त हिशेब बदलत होतो, बंदूक नाही तर काय, कुठं गाठायचा, कुणासमोर. पण गंमत अशी की चार दिवस मी मनातल्या मनात शंभरदा तीच बंदूक उचलली होती आणि आता दुसरं काही उचलायचं म्हटलं की चित्रच उभं राहत नव्हतं. कोल्हापूरला उतरलो, एसटी धरली, तिन्हीसांजेला गावी पोहोचलो.

हौसा दारात उभी होती. हात गळ्यात बांधलेला, तोंड सुकलेलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी माझ्या एका खांद्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग पिशवीकडे.

"बंदूक न्हाईस आणली?"

"न्हाई."

ती तिथंच उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, भावाकडून आशा होती ती मोडली म्हणून रडतेय.

"अगं, बघतो मी त्याच्याकडं," मी म्हणालो.

"तू काय बी बघू नकोस," ती म्हणाली. "धा-बारा दिस झालं, मला घास गिळंना. आईनं पत्र धाडलं आन् मी म्हटलं, आता दादा बंदूक घेऊन येतोय."

दुसऱ्या दिवशी मी तिला गडहिंग्लजला नेलं, हाताला प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिनकर आला. एकटा नव्हता, सोबत गावातले दोघे होते. अंगणात उभं राहून मोठ्यानं बोलायला लागला, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू जावं. आधी बायकोला पाठवा म्हणाला. मग हौसाबद्दल एक वाक्य बोलला. ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

मी वळून घरात गेलो. दाराआड भिंतीला एक खुंटी होती. बाप तिथं बंदूक टांगायचा, मीही सुट्टीवर आलो की तिथंच टांगायचो. माझा हात न बघता तिथं गेला. खुंटी रिकामी होती.

घरात कोयता होता, पहार होती. पण हात ज्याच्यासाठी गेला होता ते तिथं नव्हतं आणि तेवढ्यानं मी जागा झालो. किती वेळ त्या खुंटीला धरून उभा होतो कोण जाणे. बाहेरून हौसाचा आवाज आला. ती कधी माझ्या मागून पुढं गेली, मला कळलंच नव्हतं.

"मी येत न्हाई," ती म्हणत होती, अजिबात न ओरडता. "प्लास्टर घातल्याला कागद हाय माझ्याकडं, त्यावर हात कशानं मोडला ते लिवलंय. आज पंच बोलीव, न्हाईतर उद्या मी पोलिसांत जाते. आन् ह्या अंगणात पुन्ना पाय ठेवू नकोस."

दिनकर काहीतरी बडबडला. पण त्याच्या सोबतच्या दोघांनीच त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. मी दाराबाहेर आलो तेव्हा हौसा प्लास्टरचा हात छातीशी धरून हसत होती. राहिलेल्या दिवसांत आम्ही पंच बसवले, सोडचिठ्ठीचं बोलणं सुरू केलं. दहाव्या दिवशी मी छावणीच्या गेटावर हजर झालो.

गेटाशेजारच्या कडुनिंबाखाली निकम उस्ताद उभे होते. आता कोत त्यांच्याकडे नव्हतं, लंगरावर टाकलं होतं त्यांना. मला बघितलं आणि वळून निघून गेले. मला वाटलं, माझ्यावर डूख धरलाय.

आठवड्यानंतर वर्कशॉपमधून बंदूक आली. आणून देणारा आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा नायक, नगरचा होता, जरा बोलका.

"येसणे, ही बंदूक का पाठवली रे?" तो म्हणाला. "आरशात भांग पाडावा अशी नळी आहे. मी उगाच तेल लावलं आणि 'साफ केली' लिहून दिलं. निकम उस्तादांचं डोकं फिरलंय का?"

मी बंदूक जमा केली आणि तसाच लंगराकडे गेलो. उस्ताद गव्हाच्या पोत्यावर बसून कांद्याची गाडी उतरवून घेत होते.

"उस्ताद, गंज नव्हता."

"कांदा बघ कसला सडका दिलाय," ते म्हणाले.

"गंज नव्हता, उस्ताद. मग का लिवलं?"

त्यांनी कांद्यावरची नजर काढली.

"शिमग्यात डुकरं कुठली रं?" ते म्हणाले. "मी बी शेतकऱ्याचाच हाय. भात निघालं, नाचणी निघाली, रान मोकळं पडलंय, आन् तू डुकरं मारायला निघाला. दुसरं, जो बंदूक परत आणणार हाय तो चिंदी नेतो. दोन बार उडवलं की नळी पुसाय लागती. तू दर साल तेल-चिंदी आठवणीनं मागून घेतोस. ह्या टायमाला नको म्हणालास." मग त्यांनी विचारलं, "कुणाला मारणार हुतास?"

मी शेजारच्या पोत्यावर बसलो. मग सगळं सांगितलं, मुसळ, पत्र, अंगण, खुंटी.

"आन् भैन?"

"हात जुळतोय. बरी हाय."

"झालं तर मग. जा आता, कांदा उतरायचाय."

"मी साहेबांना सांगतो."

"खबरदार," ते म्हणाले. "त्वांड उघडायचं न्हाय."

मी ऐकलं नाही. तासाभरात मेजर साहेबांच्या समोर उभा राहिलो. रानडुकरांचं खोटं होतं, गंजाचं खोटं होतं, माझी तक्रार चुकीची होती, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण निकम उस्तादांना कोत परत द्या, असं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"येसणे, मी पण त्या नळीतून बघितलं होतं," ते म्हणाले. "बाहेरचं झाड दिसलं, झाडावरचा कावळा दिसला. गंज नाही दिसला."

"मग साहेब..."

"मग ऐक. गंज हा निष्काळजीपणा. त्याची शिक्षा, बढती गेली. हत्याराच्या वहीत जाणूनबुजून खोटी नोंद, त्याची शिक्षा, नोकरी गेली. पेन्शन गेली. तू आत्ता बोललास ते मी कागदावर घेतलं, तर मला दुसरं लिहावं लागेल." त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहू का?"

मी त्या कागदाकडे बघत उभा राहिलो. ज्यानं मला फासापासून वाचवलं त्याच्यासाठी खरं बोलायला गेलो, तर त्याच्याच गळ्यात दोर पडणार होता. शेवटी सलाम ठोकला आणि बाहेर आलो. जूनमध्ये यादी लागली, तिच्यात दुसऱ्याचं नाव होतं. दीड वर्षानं निकम उस्ताद हवालदार म्हणूनच घरी गेले. निरोपाच्या जेवणाला मी त्यांच्यासमोर वाढायला उभा होतो. त्यांनी भात मागितला, एवढंच बोलणं झालं.

नंतर बारा वर्षं मी त्यांच्याकडे गेलो नाही. पत्ता होता, सुट्ट्या होत्या, पाय उचलत नव्हता. काय तोंडानं जाणार? हौसा मधल्या काळात शिकली, नर्सबाई झाली, डोंगरातल्या तीन वाड्यांची बाळंतपणं तिच्या हातून व्हायला लागली. मी पेन्शनवर आलो त्या वर्षी एका संध्याकाळी चुलीपुढं बसून मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली.

"आन् त्या माणसाला तू अजून भेटला न्हाईस?" ती म्हणाली. "दादा, तू बाप्या हाईस का कोण?"

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे खटाव तालुक्यात, माळावरच्या त्यांच्या गावी पोहोचलो. दोन खोल्यांचं घर, पुढं शेळी बांधलेली. उस्ताद बाजेवर बसून दोरी वळत होते. केस पांढरे, पण पाठ अजून ताठ. मला बघून त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"येसणे," ते म्हणाले. "पोट सुटलं की रं."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बारा वर्षं साठवलेलं एकदम बाहेर पडलं. तुमची सुभेदारी माझ्यामुळं गेली, मी तक्रार केली, मी चार लोकांत तुम्हाला बोललो. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि बाजेवर बसवलं.

"आता ऐक," ते म्हणाले. "तू तक्रार केलीस ते लई बेस झालं. न्हायतर साहेब म्हणालं असतं, 'निकम, नोंद खोड, पोराची सुट्टी वाया जाईल.' आन् मला बंदूक द्याय लागली असती. तुझ्या तक्रारीनं गंज पक्का झाला."

मला हसावं की रडावं कळेना.

"आन् दुसरं," ते पुढं म्हणाले. आवाज खाली आला. "तुझ्या आधी आठ वर्सं, असाच एक पोरगा आला हुता. नाव घेत न्हाय. कागद बरोबर, सही बरोबर. त्यानं बी चिंदी नेली न्हाय. माझ्या ध्यानात आलं हुतं. पर मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय, कागद बरोबर हाय. दिली. चवथ्या दिशी तार आली. चुलत्याला मारला आन् स्वतः बी जगला न्हाय."

हौसा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हैन्यानं त्याची आई आली, पोराची ट्रंक न्यायला. म्हातारी, पायात काय न्हाय. मला विचारलं, बंदूक कुणी दिली? म्या म्हटलं, मी दिली. तिनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणाली, 'तुजं कामच हाय बाबा ते.' शिवी दिली असती तर बरं झालं असतं." त्यांनी दोरीचं टोक उचललं आणि पुन्हा ठेवलं. "तू सुट्टीवर गेल्यावं दहा दिस मला अन्न ग्वाड लागलं न्हाय. बंदूक न्हाय दिली, पर माणसाला काय, धोंडा बी पुरतो. धाव्या दिशी सकाळधरनं गेटावर हुतो. तू पिशवी घेऊन आलास. त्या दिशी लंगरात मी दोन थाळ्या जेवलो, येसणे. आठ वर्सांनी. उपकार कुणाचं कुणावर, ते तूच बघ."

 मग हौसा पुढं आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"तो जेलात गेला असता तर मी कुणाच्या दारात जाणार हुते, बाबा?" ती म्हणाली. "आई चार वर्सांत गेली. माझं माहेर तुमी राखलंसा."

निकम उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नळीवर ठेवायचे तसाच, सावकाश. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "आगं, पोरगी म्हायेराला आलीया. ओटी भर."

त्यांची बायको, सोनाबाई, धावपळीनं बाहेर आली. सुपात गहू घेतले, नारळ नव्हता म्हणून खोबऱ्याची वाटी घेतली. हळदकुंकवाचा करंडा उघडला. हौसा मागं सरली.

"नको, काकू," ती म्हणाली. "मी नवऱ्याला सोडल्याली बाई. बारा वर्सं झाली, माझी ओटी कुणी भरत न्हाई."

सोनाबाईंचा हात थांबला नाही.

"ओटी म्हायेरची असती, बाळा," त्या म्हणाल्या. "त्यात नवऱ्याचा काय संबंध? पदर धर."

हौसानं दोन्ही हातांनी पदर पुढं केला.